ऑरिनची हलकी काडतुसं

ऑरिन हॉगरूडच्या गॅरेजात गाडी कधी शिरलीच नाही. तिथे काडतुसं भरायचं त्याचं बाक होतं, आणि बाकासमोर त्याच्या बायकोची, अल्माची खुर्ची. मोंटानातल्या त्या खोऱ्यात पोरांना दुधाचे दात पडायच्या आत शिकारीचे वेध लागतात, आणि बापांना पोरांहून जास्त. बाप हौसेने आपली मोठी रायफल पोराच्या खांद्याला लावतो, ती पहिल्याच बाराला सणसणीत लाथ मारते आणि पोराच्या अंगात दचक शिरते. मग चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा आक्रसतो, नळी खाली जाते. शिरलेली दचक सहसा निघत नाही. पोरांचं याहून वाईट काही करता येत असेल असं ऑरिनला वाटत नसे, आणि बापलोक तर ते दरवर्षी हसत हसत करत.

म्हणून लाकडाच्या गिरणीतली नोकरी सांभाळून तो पोरांसाठी हलकी काडतुसं भरायचा. हलकी गोळी आणि बंदुकीची दारू थोडी. ऐकायला सोपं, पण फार थोडी घातली तर गोळी नळीतच अडकते. रायफलीला मानवेल आणि पोराला सोसेल असं माप बसवण्यात त्याची उमर गेली. त्यातही एक मेख होती. थोडी दारू काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या तळाशी बसते, वर जागा उरते. चुकून दुसऱ्यांदा ओतली तरी सांडत नाही. तसलं काडतूस पोराच्या गालाशी रायफलच फोडू शकतं. म्हणून घरचा नियम होता: ओतायचं ऑरिनने, आणि गोळी बसवायच्या आधी टॉर्च घेऊन एकेका नळकांड्यात डोकवायचं अल्माने.

"नवऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला असता तर मी कधीच मेले असते," ती म्हणायची.

ती गेली ती साध्या न्यूमोनियाने. दोन्ही कामं ऑरिनच्या गळ्यात पडली.

या हिवाळ्याच्या तोंडाशी नात ब्रिट पहिल्यांदा शिकारीला निघणार होती. तिच्यासाठी आणि शेजारच्या हेस्टरबाईंच्या मुलासाठी ऑरिनने काडतुसं भरून दिली. पुढच्या आठवड्यात आणखी थोडी भरताना मध्येच फोन वाजला. बोलून आल्यावर त्याने राहिलेलं काम उरकलं, टॉर्च मारली, तर एका नळकांड्यात दारू बाकीच्यांपेक्षा वर आलेली. दुप्पट. ते त्याने रिकामं केलं, पण डोक्यातून जाईना. आधीच्या खेपेला टॉर्च मारली होती का? ओतलेलं आठवत होतं, गोळ्या बसवलेल्या आठवत होत्या. टॉर्च काही केल्या आठवेना.

तो उठला आणि दारोदार फिरला.

"अहो, चार उडवली आमच्या पोराने. काही झालं नाही," हेस्टरबाई म्हणाल्या.

"उरलेली द्या."

"दिलेलं परत मागायला लागलात? म्हातारपणी पोर झालात की."

"झालोय. द्या."

ऑरिनचा मुलगा, ब्रिटचा बाप डेल मात्र काडतुसांचा डबा हातचा सोडेना. "बाबा, तुमचं आजवर कधी चुकलंय?"

"आजवर तुझी आई होती."

"शनिवारी शिकारीचा मोसम उघडतोय. मग ब्रिटला देऊ काय?"

"दुकानात हलकी मिळतात."

"तीन गावं पालथी घातली. फळ्या रिकाम्या आहेत."

"मग यंदा नेऊ नकोस."

"पोरगी उन्हाळ्यापासून दिवस मोजतेय. तुम्हीच सांगा जाऊन तिला." डेलने डबा टेबलावर आदळला. "न्या. मी माझी भारी काडतुसं देतो. आम्ही नाही का शिकलो? मेलो का?"

ऑरिनला बोलता आलं असतं. डेलच्या हातात पहिली रायफल त्यानेच दिली होती, हलकं काडतूस घालून. हे डेल विसरला होता, आणि तोंडावर सांगण्याइतका जोर ऑरिनमध्ये उरला नव्हता.

त्याने घरी येऊन एकेक काडतूस उघडलं, दारू काट्यावर टाकली. सगळी बरोबर निघाली. आनंद व्हायला हवा होता, पण ऑरिन अल्माच्या खुर्चीत बसून रडला. काडतुसं बरोबर होती, पण टॉर्च अजूनही आठवत नव्हती. पुन्हा भरायला वेळ होता. हात मापापर्यंत गेला आणि मागे आला. जुनी दारू झाडांना खत म्हणून टाकतात तशी त्याने सगळी दारू अल्माच्या गुलाबांच्या वाफ्यात पसरली. गुलाब दोन वर्षांपूर्वीच वाळले होते.

रविवारी ब्रिट आली, खांद्याला रायफल अडकवून.

"हरीण नाही मिळालं, आजोबा. दोन्ही बार हुकले."

"खांद्याला लागलं का?"

"नाही." तिने रायफल दुसऱ्या खांद्यावर घेतली. "बाबा म्हणतो सवय होते."

ऑरिनने तिला परसात नेलं. नेम धरायला कुंपणावर पत्र्याचा रिकामा डबा ठेवला, रायफल मागून घेतली आणि तिला न दाखवता दारू नसलेलं, नकली काडतूस भरलं. पोरांना पारखायची त्याची ही जुनी रीत होती. दचक नसेल तर चाप ओढल्यावर नळी जागची हलत नाही.

"मार."

ब्रिटने नीट नेम धरला. मग तिचे डोळे घट्ट मिटले, खांदा वर चढला, आणि टक् असा पोकळ आवाज झाला तेव्हा नळी पार गवताकडे झुकली होती.

तिने डोळे उघडले. नळी कुठे गेली ते तिलाही दिसलं. तोंड लालभडक झालं.

"तुमच्या काडतुसांनी सराव केला तेव्हा असं होत नव्हतं," ती म्हणाली. "बाबा म्हणाला, ती चुकीची भरली गेली म्हणून तुम्ही परत नेलीत. खरंच चुकली होती का?"

"नाही गं. एकही चुकलं नव्हतं."

"मग का नेलीत?"

ऑरिनने तिच्या हातातून रायफल घेतली आणि खोलून रिकामी केली. तो डबा आणायला कुंपणाकडे गेला. वळून पाहिलं तेव्हा आजोबांची पाठ आहे असं समजून ती खांदा चोळत होती.