वहिनीने लुटलेलं वाण

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि तिला तर माझं खरं वजनसुद्धा ठाऊक आहे.

उज्जैनच्या कॉलेजांत हल्ली मला भाषणाला बोलावतात. भैरवगढच्या छापाच्या कापडाच्या पिशव्या बनवतो, देवास गेटजवळ दुकान आहे, पोट आहे — यशस्वी उद्योजकाला लागतं ते सगळं. मुलं विचारतात, सर, जान-पहचान जरूरी है क्या? मी सांगतो, बिलकुल नाही. मैं तो अकेला चला था.

अकेला? गंमतच आहे — कारण चालली होती वहिनी.

थोरल्या भावाची बायको, शाळेत शिकवायची. माझ्या पहिल्या पिशव्या घरात धूळ खात होत्या, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने त्याच वाण म्हणून लुटल्या. मग मैत्रिणींच्या मागे लागली — तुम्हीही हेच वाण द्या. दोन संक्रांतींत उज्जैनची मराठी घरं संपली, इंदूरचे दुकानदार माल मागायला लागले. मी काय केलं? गठ्ठे ऑटोत ठेवले.

हे मी विसरलो कधी, याचं मलाच कुतूहल आहे. भाषणागणिक थोडं थोडं? की विसरलोच नव्हतो?

रिटायर झाल्यावर वहिनीने गोडा मसाला करायला घेतला. स्वतःच्या नावाची लेबलं छापून आणली — आयुष्यात पहिल्यांदा. माझ्यासाठी गावभर बोलली होती, पण स्वतःसाठी मैत्रिणींकडे तिची जीभ रेटेना. म्हणून माझ्याकडे आली. इंदूरच्या दोन दुकानदारांच्या कानावर घालाल का? दोन फोन — एवढंच.

आणि मी — मी तिला भाषण दिलं. कॉलेजातलंच.

"वहिनी, ओळखीने माल खपतो, नाव होत नाही."

का? मसाला चालला असता तर लोक म्हणाले असते, दिराने हात दिला. मग दिराला कोणी दिला होता, हेही निघालं असतं. तिच्यासमोर बसून, चहा पिता पिता, मी एवढा लांबचा विचार केला.

ती जराशी हसली. "चालेल भाऊजी. तुम्हाला विचारलं होतं, हे मी कोणाला सांगणार नाही."

सांगितलंही नाही. एकटीच दोनदा इंदूरला जाऊन आली. कोणी माल ठेवून घेतला नाही. मग लेबलं भिजवून काढली आणि बरण्या नातेवाइकांत वाटून टाकल्या.

आमच्याकडे दोन आल्या. मसाला फार चांगला होता. फोन मी तेव्हाही करू शकलो असतो — केला नाही.