उपडं परळ

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला पोचवायला आली नाही. गल्लीत लस आली होती. तालुक्याच्या दवाखान्यातून बर्फाच्या थर्मासमध्ये आणलेली एक बाटली कोंबडीच्या शंभर पिलांना पुरते, आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या बायका आपापली पिलं टोपल्यांत घालून आमच्या अंगणात जमायच्या. भडगावजवळचं गिरणाकाठचं आमचं गाव. मी पशुवैद्य होऊन पीएचडीसाठी नेदरलँड्सला निघालेली, आणि आई मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या, लसीचे थेंब पिलांच्या डोळ्यांत टाकत बसलेली.

त्याच सकाळी मी तिच्याशी भांडले. लसीच्या आधी दोन दिवस आणि नंतर आठवडाभर ती पिलांपुढे मातीच्या परळात, पसरट भांड्यात, ताकाचं पाणी ठेवायची. अहिराणीत हसत सांगायची, "डॉक्टरनी लस, मनी लस्सी." डॉक्टरची लस, माझी लस्सी. लस ताकात कालवू नये, असं मी धरून बसले होते. आई कालवत नव्हतीच, लस ती डोळ्यात टाकत होती. पण ते बघायला मी थांबले नाही. "बंद कर हे अडाणीपण," म्हणत मी सगळ्यांदेखत परळ उपडं केलं. ताक मातीत जिरलं.

आईने मान वर केली नाही. "तुना पुस्तकमा लिखेल नई, म्हणीसन ते खोटं शे का?" एवढंच म्हणाली आणि पुढचं पिल्लू उचललं. शेजारच्या सखूअक्का मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "जाऊ दे वं. जळगाव स्टेशन येवाना पहिलेच परदेशनं वारं लागनं तिले."

वडिलांनी, आमच्या नानांनी, मला गाडीत बसवलं. "मायवर राग धरू नको," म्हणाले. मला राग नव्हता. आपलं बरोबर आहे अशी खात्री होती, आणि ती उतरायला रागापेक्षा फार वेळ लागतो.

तिकडे मी सायकल शिकले, कोरडा ब्रेड दुपारच्या जेवणाला पोळी म्हणून खपवायला शिकले, लॅबमध्ये कमी बोलायला तर शिकावंच लागलं नाही. विषय मिळाला तो असा: लस दिलेल्या पिलांना उपकारक जिवाणू खाऊ घातले, तर त्यांच्या रक्तात रोगाविरुद्ध प्रतिपिंडं जास्त तयार होतात का? प्रोबायोटिक हा शब्द मी महिनाभर रोज उच्चारत होते. मग एका सकाळी इन्क्युबेटरमधून जिवाणूंची बाटली काढली, बूच उघडलं, आणि आमच्या घरातल्या ताकाच्या मडक्याचा वास आला. मी हातमोजे घालून तशीच उभी राहिले.

त्या रविवारी फोनवर आईला विचारलं, "लस्सी नेमकी कधीपासून कधीपर्यंत देतेस?" तिने दिवस सांगितले. पिलांचा एक गट मी त्याच दिवसांवर ठेवला. ताक म्हणजे लॅबमधलं मोजून दिलेलं कल्चर नव्हे, हे मला ठाऊक होतं. आणि नुसत्या ताकाने मानमोडी थांबत नाही, हे आईलाही ठाऊक होतं. म्हणून तर ती लसीच्या बाटलीसाठी मलाही सोडायला आली नव्हती.

निकाल आले. आमच्या प्रयोगात प्रतिपिंडं सगळ्यांत चांगली वाढली ती आईच्या दिवसांच्या गटात. मी फोन लावला. "आई, तुझं खरं होतं. माझं चुकलं." पलीकडे तिने कोंबड्यांना दाणे टाकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "ते भांडं आजूनबी उपडंच शे. मी दुसरं वापरस. तूच इसन सरळ करजो." मीच येऊन ते सरळ करायचं होतं.

मी गावी जायच्या आत आई वारली. झोपेतच गेली, असं नाना म्हणाले.

तिथे प्रबंधाला जोडून स्वतःची काही विधानं छापायची रीत आहे. माझ्या कागदावर शेवटचं विधान देवनागरीत होतं: डॉक्टरनी लस, मनी लस्सी. प्रबंधाच्या जाहीर तोंडी परीक्षेत काळ्या झग्यातल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. मी, जिला वर्गात नाव सांगतानाही घाम फुटायचा, भरल्या सभागृहात आईचं अंगण, टोपल्या, परळ सगळं सांगितलं. तिला पहिली संशोधक म्हटलं. लोक उभे राहिले. त्या टाळ्या मी माझ्यासाठी घेतल्या नाहीत.

गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनी मला विचारलंय, आता घर कुठलं? मलाही इतके दिवस सांगता येत नव्हतं. आपण रागाने उपडं केलेलं भांडं जिथे आपली वाट बघत तसंच ठेवलेलं असतं, ते घर, असं आता वाटतं.

गेल्या महिन्यात गावी आले, तीही लस येणार त्याच्या दोन दिवस आधी. खुराड्याशेजारी परळ होतं, पाठीवर धूळ साचलेलं. मी ते सरळ केलं, धुतलं, सखूअक्कांच्या घरचं ताक पाण्यात मिसळून ओतलं. पिलं धावत आली. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"चांगलं भर वं, डॉक्टरीणबाई," त्या म्हणाल्या. "मागलं बी बाकी शे."

मी काठोकाठ भरलं.