परळहून सुटणारी गाडी आणि आत्याची खिडकी

लोक फिरायला लडाखला जातात. मी गेल्या शनिवारी परळ स्टेशनला गेले. हसू नका, आधी वाचा.

डोंबिवलीची माझी आत्या चार दिवस गिरगावात आमच्याकडे माहेरपणाला आली होती. निघायच्या दिवशी मी म्हटलं, "कॅबने सोडते तुला." तर म्हणाली, "कॅब नको न् फिब नको. मला परळ लोकलने ने. परळला चढायचं, खिडकीत बसायचं आणि घरी जायचं. एवढी एकच हौस राहिलीय बघ."

ही हौस जुनी आहे. आत्याने सगळी नोकरी परळच्या एका हॉस्पिटलच्या ऑफिसात काढली. तेव्हा परळला गाड्या फक्त थांबायच्या, त्याही स्लो, आणि सीएसटीहूनच भरून आलेल्या. बसायला मिळावं म्हणून ती पास मुद्दाम सीएसटीपर्यंतचा काढायची. संध्याकाळी आधी उलटं सीएसटीला जायचं, तिथे सीट पकडायची आणि मग डोंबिवली गाठायची. ज्या दिवशी उशीर होई त्या दिवशी घरापर्यंत उभी. परळहूनच गाडी सोडा, या मागणीच्या प्रत्येक अर्जावर तिची सही होती. शेवटी गाडी सुरू झाली, आणि तोवर आत्या रिटायर झाली होती. मला हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

तुम्हीही दक्षिण मुंबईतून येणार असाल तर आमचाच रस्ता धरा. चर्नी रोडहून स्लो पकडून प्रभादेवीला उतरायचं आणि पादचारी पुलाने थेट परळ स्टेशनात. टॅक्सीच्या भानगडीत पडू नका, मोटारींचा जुना पूल पाडायला काढल्यापासून तिथे वळसेच वळसे आहेत. पादचारी पुलावर आत्या घटकाभर थांबली. इथल्या अरुंद जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, त्यानंतर सैन्याने नवा पूल बांधून दिला. तिने नुसते हात जोडले आणि आम्ही पुढे झालो.

गाडी पकडण्याआधी जेवण मात्र उरकलं. परळच्या गल्लीतल्या मालवणी खानावळीत बांगडा, वडे आणि सोलकढी. सोलकढी दुसऱ्यांदा मागितली तरी वाढणारा कपाळाला आठी घालत नाही, म्हणून जागा लक्षात ठेवा.

परळ स्टेशन तसं जुनंच. आमचे आजोबा कोकणातून आले ते लालबागच्या चाळीत आणि तिथून गिरणीत. आजूबाजूला गिरण्या, बाजूला रेल्वेचा कारखाना, आणि भोंगा झाला की सगळा रस्ता माणसांनी भरायचा. ते सगळे पायी यायचे-जायचे, असं आत्या परत पुलावर आल्यावर खाली बोट दाखवत सांगत होती. आता गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आहेत आणि त्यात काम करणारे कल्याण-बदलापूरहून येतात. परळहून गाडी सोडावी लागली ती त्यांच्यासाठी.

तिकीट खिडकीवर आत्या पुढे झाली. "दोन कल्याण."

"आत्या, डोंबिवली!" मी म्हटलं.

"गप गो," म्हणाली. वयाचा परिणाम, असं मी समजले. दोघींचं तिकीट एका थाळीच्या मानाने काहीच नव्हतं.

इंडिकेटरवर कल्याण लागलं. आत्याने पर्स छातीशी धरली, पदर खोचला आणि डबा नेमका कुठे येईल तिथे जाऊन उभी राहिली. गाडी आली. रिकामी येणार म्हणून आम्ही आनंदात, आणि बघतो तर लेडीज डब्यातल्या सगळ्या खिडक्या गेलेल्या. बायका दादरला, ही गाडी परळला येत असतानाच, उलट्या चढून बसल्या होत्या!

आत्याला मिळाली चौथी सीट. तीन जणींच्या बाकड्यावर चौथीने टेकायचं, अर्धं अंग बाहेर. मला हसावं की रडावं कळेना. मी खिडकीतल्या बाईंना सगळी हकिगत सांगून टाकली. त्यांच्या मांडीवर दादरच्या बाजारातून घेतलेल्या झेंडूची पिशवी होती.

त्या लगेच उठायला लागल्या. "अहो, मग या ना मावशी, बसा इथे."

"अजिबात नाही," आत्या म्हणाली. "तुम्ही दादरला धावत चढला असाल. मीही उलटीच जायचे हो, सीएसटीला. त्या सीटची किंमत मला माहितेय. तुम्ही कुठे उतरणार?"

"ठाणा."

"मग ठाण्याला खिडकी माझी."

मधल्या दोघींनी माना हलवल्या. लेडीज डब्यात एकदा असं बोलणं झालं की ते पक्कं, मग शेजारची खिडकीकडे सरकत नाही.

ठाण्यापर्यंत आत्याचा एक पाय वाटेतच होता, पण गप्पा जोरात. ठाण्याला त्या बाई उतरल्या, जाताना आत्याच्या हातात झेंडूचं एक फूल ठेवून गेल्या. आत्या खिडकीत सरकली. कळव्याची खाडी गेली, मुंब्र्याचा डोंगर गेला. इतकी वर्षं रोज या रस्त्याने गेलेली बाई हे सगळं पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघत होती. मी मोबाईल काढून तिचा एक फोटो घेतला.

डोंबिवली आली. मी पिशव्या घेऊन उठले. आत्या जागची हलली नाही.

"अगं, डोंबिवली!"

"माहितेय मला. तिकीट कल्याणचं आहे. एवढी वर्षं मधेच उतरले. आज गाडी जाईल तिथवर जाणार."

कल्याणला डबा रिकामा झाला तरी ती थोडी बसून राहिली. मग उतरून आम्ही डोंबिवलीचं तिकीट काढलं आणि दुसऱ्या गाडीने मागे आलो, दोघीही उभ्या.

या प्रवासात डोंगर चढले नाही, फोटोही दोनच काढले. पण स्टेशनवर इंडिकेटरवर ‘परळ’ वाचताना आता मला त्या नावामागे सह्या करणारी माणसं दिसतात.

घरी दार उघडता उघडताच काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, विचारलं, "मग? मिळाली का परळहून खिडकी?"

आत्याने झेंडूचं फूल देवापुढे ठेवलं.

"खिडकी ठाण्याहून मिळाली," ती म्हणाली. "पण गाडी परळची होती."