एका पावलाचे एकशे अठ्ठावीस तुकडे

बारीकरावांचं वजन शहाण्णव किलो. हे टोपणनाव देहावरून नव्हे, स्वभावावरून पडलं. सव्वीस वर्षं ते कारखान्यांमधली छोटी यंत्रं जुळवून देतात: बाटलीवर लेबल चिकटवणारं, गोळ्या मोजणारं, पत्रा कापणारं. काम चोख, पण हातातून लवकर सुटत नाही. घरात भिंतीला एक फळी लावायची होती. ती लागेपर्यंत मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. फळी अजून तसूभर हललेली नाही, असं ते सांगतात.

त्यांचा जीव स्टेपर मोटरवर. ही मोटर पंख्यासारखी गरगर फिरत नाही, मोजून पावलं टाकते: एका फेऱ्याला दोनशे. तिच्याजवळ ड्रायव्हर नावाची डबी असते आणि डबीवर तांदळाएवढी बटणं. ती खालीवर केली की प्रत्येक पावलाचे आणखी तुकडे पडतात. दोन, चार, आठ, असं करत थेट एकशे अठ्ठावीस. तुकडे जास्त, तितकी चाल मऊ. बारीकराव जिथे जातील तिथे बटणं शेवटच्या आकड्यावर नेऊन ठेवत. कंपनीने एवढे दिलेत तर आठवर का अडायचं, हा त्यांचा सवाल.

धाकट्या बहिणीचं पाट्या कोरायचं दुकान आहे. तिथे एका नव्या रुग्णालयाच्या छत्तीस पितळी पाट्या करायच्या होत्या. संध्याकाळी पाचला माणूस न्यायला येणार. वेळेत मिळाल्या तर उरलेल्या चार मजल्यांचं कामही तिचं, नाही तर दुसऱ्या कोणाचं. नेमकं त्याच सकाळी यंत्र खडखडू लागलं.

"दादा, स्क्रू ढिला असेल. तेवढंच बघ," तिने फोनवर सांगितलं. "तेवढंच" हा शब्द तिने दोनदा उच्चारला.

स्क्रूच होता. दोन मिनिटांत आवळून झाला. बहीण पितळ आणायला मागच्या खोलीत गेली आणि बारीकरावांनी सहज ड्रायव्हरवरचं झाकण उघडलं. बटणं आठवर होती. सख्ख्या बहिणीचं यंत्र, आणि आठवर! त्यांनी ती एकशे अठ्ठावीसवर नेली, कॉम्प्युटरमधला आकडाही त्याप्रमाणे बदलला आणि पहिली पाटी लावली.

"बंद पडलं का रे?" बहिणीने आत येत विचारलं.

"चालू आहे. ऐक."

"काय ऐकू? आवाजच नाही."

"तेच तर!"

आवाज नव्हता, आणि चालही नसल्यातच जमा होती. तुकडे वाढले तसे मोटरला द्यायचे इशारेही वाढले, आणि बहिणीचा जुना कंट्रोलर सेकंदाला ठरावीकच इशारे देऊ शकत होता. एरवी पाच मिनिटांत होणारी 'एक्स-रे'ची पाटी चाळीस मिनिटांनी उतरली.

"छत्तीस गुणिले चाळीस किती, दादा?"

"चोवीस तास," बारीकराव ताबडतोब म्हणाले. गणितात ते कधीच मागे नसत.

"आणि आत्ता पावणेएक वाजलाय."

"चौसष्ट करू. वीस मिनिटं."

"दादा!"

"बरं, बत्तीस. दहा मिनिटं. याच्या खाली नाही."

"मंडईत उभा आहेस का? पूर्वीसारखं आठवर कर."

"अगं, आठवर अक्षरांच्या कडा खडबडीत येतात. दिसतं ते."

"कोणाला?"

"मला."

हट्ट दोघांनाही एकाच घरातून मिळालेला. बहिणीने खणातून काल नमुन्यासाठी आठवर कोरलेली 'एक्स-रे'ची पाटी काढली. एकीच्या मागे पेन्सिलीचा ठिपका दिला, पाठीमागे हात नेऊन दोन्ही अदलाबदल केल्या आणि टेबलावर ठेवल्या. "ओळख तुझी कुठली. ओळखलीस तर मी त्या माणसाच्या हातापाया पडून उद्याची वेळ मागते."

बारीकरावांनी चष्मा लावला, भिंग काढलं, दिवा जवळ ओढला. सात मिनिटं गेली.

"ही. कडा बघ, लोणी आहे लोणी!"

बहिणीने पाटी उलटली. मागे ठिपका होता. "ही कालची. आठवरची."

त्यांनी दिव्याकडे संशयाने पाहिलं. मग बटणं आठवर आणली, पुढची पाटी लावली आणि यंत्र सुरू केलं. कोरणारं टोक सोळापट लांब उडी मारत पितळावरून बाहेर निघालं. बहिणीने धावत जाऊन लाल बटण दाबलं. 'कृपया शांतता राखा'वर आरपार चर पडला होता.

"कॉम्प्युटरमधला आकडा?"

"राहिला," बारीकराव पुटपुटले. सव्वीस वर्षांत तो पहिल्यांदाच राहिला होता.

जास्तीचं पितळ एकाच पाटीपुरतं होतं, ते लागलं. यंत्र घरघरत राहिलं आणि पावणेपाचला छत्तिसावी पाटी उतरली. पाचला माणूस आला. त्याने पाट्या मोजल्या, शब्द तपासले, कडांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वरच्या मजल्यांची यादी सोमवारी देतो, म्हणाला आणि गेला.

"सोमवारला वेळ आहे," बारीकराव म्हणाले. "तोवर सोळा करून बघितलं तर? सोळावर मिनिटही जास्त लागत नाही."

बहिणीने ड्रायव्हर त्यांच्यासमोर धरला. माणसाला पोचवून आल्या आल्या तिने बटणांवर गरम गोंद ओतला होता.

बारीकरावांनी भिंगातून तो नीट पाहिला.

"डावीकडे जरा जास्त पडलाय," ते म्हणाले.