‘वाय’ दाबण्याआधी

मी पोचले तेव्हा पॅकहाउसमधलं काम बंद पडलेलं होतं. पॅकिंगच्या बायका टेबलांपाशी नुसत्या उभ्या होत्या. द्राक्षांनी भरलेल्या पेट्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या, लेबलाविना.

पिंपरी पेंढारजवळचं हे पॅकहाउस काही बागायतदारांनी मिळून उभारलेलं. दत्ताभाऊ त्यांचे चेअरमन. परदेशात जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर छापील लेबल लागतं. माल कुणाच्या बागेतला, कधी तोडला, हे त्यावर असतं. लेबल नसेल तर पेटी कंटेनरमध्ये चढत नाही. ती लेबलं छापणारा कॉम्प्युटर पुण्याच्या आमच्या छोट्या कंपनीने बसवला होता. ही दोन हजारनंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. त्या मशीनवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती आणि त्याची देखभाल माझ्याकडे होती.

“कंटेनर संध्याकाळी सुटायचा हाय,” दत्ताभाऊ म्हणाले. “तवर जेवढ्यांना लेबल, तेवढ्या पेट्या जातील. बाकीच्या ऱ्हातील.”

राहणाऱ्या पेट्या बहुतेक हिराबाईंच्या होत्या. त्या आणे पठारावरच्या. तिकडे पाण्याचे हाल, तरी शेततळ्याच्या जोरावर त्यांनी बाग जगवली होती, आणि त्यांचा माल पहिल्यांदाच निर्यातीला चालला होता. आपल्या पेट्यांशेजारी त्या खाली बसल्या होत्या.

लिनक्सवर सॉफ्टवेअर कसं बसतं ते थोडक्यात सांगते. काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप करायची, ॲप्ट-गेट. हवा तो प्रोग्रॅम ती इंटरनेटवरून आणून बसवते. एका प्रोग्रॅमला चालायला दुसरे काही लागत असतात, त्याला डिपेन्डन्सी म्हणतात. तेही ती स्वतःच शोधून आणते. नवी आवृत्ती आली की जुनी काढून नवी ठेवते. हे अपग्रेड. माणसाने फक्त मध्ये एकदा ‘वाय’ दाबायचं, म्हणजे हो.

आदल्या दिवशी आमच्या ऑफिसातून फोनलाइनवरून या मशीनचं अपग्रेड सोडलं होतं. ते चालू असतानाच इथली लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी काही तग धरू शकली नाही. छपाई सांभाळणारा प्रोग्रॅम नवा, पण अर्धवट बसलेला. त्याला जी लायब्ररी लागते, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तो सामायिक भाग, ती जुनीच राहिलेली; नवी उतरली होती, पण बसायची होती. त्यामुळे प्रिंटर गप्प.

अशा वेळी दुरुस्तीचीही कमांड असते. मी ती दिली. स्क्रीनवर दोन याद्या आल्या. वर काय बसवणार, खाली काय काढणार. शेवटी प्रश्न, पुढे जाऊ का?

दत्ताभाऊ माझ्या मागेच उभे होते. “काय म्हणतंय?”

“परवानगी मागतंय.”

“मंग द्या की.”

खालची यादी मी पुन्हा वाचली. काढायच्या प्रोग्रॅममध्ये लेबलांचा प्रोग्रॅम होता. तो दुसऱ्या एका माणसाने लिहिलेला आणि फक्त जुन्या लायब्ररीवर चालणारा. नवी लायब्ररी आली की त्याला जागा नाही. ॲप्ट-गेटच्या हिशेबाने हे बरोबरच होतं. मशीन दुरुस्त झालं असतं. फक्त लेबलं छापता आली नसती.

गच्चीवर मोबाइलला रेंज यायची. तिथून मी पुण्याला आमच्या कंपनीच्या सरांना फोन लावला. टूल सुचवतंय ते कर, बाकीचं नंतर बघू, असं ते म्हणाले. काय काढलं जाणार आहे ते मी सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं,

“मग तू काय करणार?”

“जुनी आवृत्ती परत बसवते.”

नव्या आवृत्तीत सुरक्षेच्या दुरुस्त्या होत्या, हे त्यांनी मला ऐकवलं. ते चूक नव्हते. पण मशीन इथे कशासाठी ठेवलं आहे, हे मला खाली दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, “ठीक आहे, पण जबाबदारी तुझी.”

मी खाली येऊन ‘एन’ दाबलं.

आता छपाईचा जुना प्रोग्रॅम हवा होता. आधी आणलेल्या फाइली ॲप्ट-गेट एका फोल्डरमध्ये साठवून ठेवते. तिथे या प्रोग्रॅमची जुनी फाइल नव्हती, कारण ती मुळात इन्स्टॉलेशनच्या सीडीवरून आलेली. लँडलाइन सकाळपासून बंद, म्हणजे इंटरनेट नाही. सीडी ऑपरेटरच्या कपाटात ठेवल्याचं मला आठवत होतं. कपाट रिकामं निघालं.

ऑपरेटर सचिन चाचरत म्हणाला, “मॅडम, त्या बागंत लावल्यात. पाखरांसाठी.”

द्राक्षाच्या बागेत पाखरं येऊ नयेत म्हणून चकाकणाऱ्या सीडी टांगतात. आमच्याही गेल्या होत्या. आम्ही शेजारच्या दत्ताभाऊंच्या बागेत शिरलो. हिराबाईही उठून आल्या. ओळीओळीने वाकून बघत होतो. बहुतेक सीडी उन्हाने पांढुरक्या पडलेल्या. पार आतल्या बाजूला, पानांच्या सावलीत, हिराबाई थांबल्या.

“हिच्यावर अक्षर हाय बघा कुणाचं तरी.”

अक्षर माझंच होतं. सीडीवर फवारणीच्या औषधाचे डाग होते. पाण्याने धुतली, ओढणीने पुसली. पहिल्यांदा ड्राइव्ह नुसता घरघरला. काढून पुन्हा पुसून घातली. तेव्हा फाइली दिसल्या.

फाइल बसवताना सिस्टिमने बजावलं, नव्यावर जुनं टाकताय. मला ते माहीतच होतं. मग त्या प्रोग्रॅमला ‘होल्ड’ लावला, म्हणजे मी सांगेपर्यंत याला हात लावायचा नाही. प्रिंटरने कागद ओढला. पहिलं लेबल बाहेर आलं ते सचिनने उचलून नीट वाचलं आणि पेटीवर चिकटवलं. बायका कामाला लागल्या.

दत्ताभाऊंनी ड्रायव्हरला थांबवून धरलं. कंटेनर उशिरा सुटला, पण हिराबाईंच्या पेट्या घेऊन सुटला.

जाताना हिराबाईंनी विचारलं, “नवीन काय बसवलं, ताई?”

“काही नाही. होतं तेच परत आणलं.”

“तेवढ्यालाच येवढा येळ?”

“हो.”

हंगाम संपल्यावर लेबलांचा प्रोग्रॅम नव्या लायब्ररीसाठी बदलून घेतला. मग होल्ड काढला आणि समोर बसून अपग्रेड केलं. सर म्हणत होते त्या दुरुस्त्या मिळाल्या, काही महिने उशिराने. तेव्हापासून मी काय काढलं जाणार ती यादी आधी वाचते, काय बसणार ती नंतर. आणि माल तोडणीला आलेला असताना अपग्रेड करत नाही.