पाखरू शिवलं तर

दोघांचंही भलं व्हावं म्हणून मी वेळ बदलली आणि दोघांचंही बिघडलं. दोघं म्हणजे माझ्या सासूबाई आणि माझ्या मुलीचा पोपट. मी शाळेत सव्वीस वर्षं गणित शिकवलं, पण हे उदाहरण काही केल्या सुटेना.

पोपट करडा, शेपूट लालभडक, बोलण्यात पटाईत. गेल्या वर्षी मुलगी नोकरीसाठी परदेशी गेली आणि तो चेन्नईच्या फ्लॅटमधून आमच्या कुंभकोणच्या घरी आला. आला तो छातीवरची पिसं स्वतःच उपटत. महिन्याभरात इतका उघडा पडला की बघवेना. पशुवैद्य बाई म्हणाल्या, "हा कंटाळलाय. रोज दोन तास पिंजऱ्याबाहेर काढा, कुरतडायला काहीतरी द्या, आणि जवळ माणूस हवं. नाहीतर हा जखमा करून घेईल, मग आपल्या हातात फार काही उरणार नाही."

मला काम नेमून दिलं की मी कामाला लागते. सकाळी सात ते नऊ ही वेळ ठरवली. पंखा बंद, गॅस बंद, आरशावर टॉवेल, पुढचं दार लावलेलं, अशी यादी तमिळमध्ये लिहून भिंतीला चिकटवली, कारण पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेले, घरात मराठी बोलणारे आम्ही सगळे लिहायची वेळ आली की तमिळच लिहितो. घराच्या मधल्या उघड्या चौकावर माकडं येऊ नयेत म्हणून गजांची जाळी होतीच, तिच्याखाली बारीक जाळं बांधलं. नारळाच्या करवंट्या, केळीच्या सोपटांच्या दोऱ्या, ताडाच्या पानाची डबी आणि तिच्यात लपवलेला पेरू, असा सगळा थाट मांडून पिंजऱ्याचं दार उघडलं.

त्यानं माझ्या थाटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट उडाला आणि छताखालच्या आडव्या बांबूवर, सासूबाईंचं सोवळं वाळत असतं त्यावर, जाऊन बसला. तेवढ्यात सासूबाई नैवेद्याचं ताट घेऊन चौकात आल्या, आणि हा त्यांच्या खांद्यावर उतरला.

आमच्या घरात दुपारी जेवणं होईपर्यंत सासूबाईंना कुणी शिवत नाही. मी नाही, त्यांचा मुलगा नाही, लहानपणी माझी मुलगीही नाही. त्या ताट धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मग मला विचारलं, "पाखरूं शिवलें तर काय करायचें गे?"

मला काय ठाऊक! माझ्या नवऱ्यानं तिरुविडैमरुदूरच्या काकांना फोन लावला, कारण अशा गोष्टी तेच सांगतात. काकांनी आधी पोपटाचा रंग विचारला. म्हणाले, "देवीच्या हातावर पोपट बसतोच की. पण तो हिरवा. हा परदेशी, ह्याचें मला सांगतां यायचें नाही." विचारून कळवतो म्हणाले. अजून कळवतायत.

सासूबाईंनी विहिरीच्या गार पाण्यानं दुसरी आंघोळ केली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्या ताट घेऊन येत, पोपट उतरे, त्या तमिळमध्ये "पो, पो" म्हणत त्याला जायला सांगत. बाहेरच्या माणसाशी आम्ही तमिळच बोलतो, आणि पोपट त्यांच्या लेखी बाहेरचा. मग थोडा वेळ तशाच उभ्या राहत आणि विहिरीवर जात. गरम पाणी काढते म्हटलं तर नको. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी खोकला आणि ताप. एकोणऐंशी वर्षांचा जीव! मला अस्सा राग आला, त्यांचा, पोपटाचा, आणि फोन न करणाऱ्या काकांचा तर फारच.

म्हणून मी वेळ बदलली. दुपारी तीन ते पाच. त्या वेळी सासूबाई दार लावून पडलेल्या असतात. आता पोपटही बाहेर येईल आणि दुसरी आंघोळही टळेल. उत्तर बरोबर, पुढे चला.

ताप उतरला, पण सासूबाई जेवेनात. भात चिवडून ठेवायच्या. काय होतंय विचारलं की "कांहीं नाही." पोपट दुपारी बाहेर येई आणि पिंजऱ्याच्या टपावर पाठ करून बसे. पेरूची डबी तशीच. नव्यानं फुटलेली पिसं त्यानं पुन्हा उपटली, आता मानेवरचीसुद्धा, आणि एक दिवस तिथे रक्त दिसलं. मी घाबरले. मुलगी व्हिडिओवर रडवेली होऊन म्हणाली, "त्याला माझी आठवण येते गे." मला ते पटलं. सासूबाईंचं वय झालं, हेही मी पटवून घेतलं. दोन उदाहरणं वेगवेगळी आहेत असं धरून चालले होते.

मग एका सकाळी मी दारात रांगोळी घालून, लोटलेलं दार उघडून आत आले तर पंखा बंद. आरशावर टॉवेल. माझी यादी कुणीतरी ओळीनं पाळली होती. पिंजरा उघडा होता, आणि चौकाच्या पायरीवर सासूबाई सोवळ्यात बसल्या होत्या. पोपट खांद्यावर. तो त्यांच्या कानामागचे पांढरे केस एकेक करून चोचीतून विंचरल्यासारखे हलकेच ओढत होता, आणि त्या डोळे मिटून त्याला सांगत होत्या, "हळू रे बाळा. कोठें जायचें आहे तुला एवढ्या घाईनें?"

मराठीत सांगत होत्या.

तिथे उभ्या उभ्या मला ते दार दिसलं. आमच्या स्वयंपाकघरातून देवघरात जायला आतूनच दार आहे. नैवेद्याचं ताट घेऊन चौकात यायचं काही कारणच नाही. एकतीस वर्षं मी त्यांना त्या दारातूनच जाताना पाहिलं होतं. फक्त ते आठ दिवस त्या चौकातून आल्या होत्या, लांबच्या वाटेनं, सावकाश, रोज सात वाजता. आणि त्याची किंमत म्हणून विहिरीवर जात होत्या. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि मला दिसलं नाही. मला माझीच लाज वाटली. सासरे गेल्यापासून ह्या बाईला सकाळच्या वेळी कुणाचा हात लागला असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

त्यांनी डोळे उघडले. मला पाहून दचकल्या नाहीत. उठायला लागल्या, पण गुडघा उचलेना आणि खांद्यावरचा पोपट हलेना.

"हात दे गे," म्हणाल्या.

"अम्मा, माझी अजून आंघोळ नाही झाली."

"मला दिसतें आहे. दे."

मी हात पदराला पुसायला लागले. बोटांना रांगोळीचं तांदळाचं पीठ लागलेलं. त्यांचा हात पुढेच होता. शेवटी मी धरला आणि त्यांना उठवलं. पोपट आधी तोल सांभाळत त्यांच्या खांद्यावर सरकला, मग दंडावरून चालत माझ्या मनगटावर आला आणि तिथंच थांबला. सासूबाई विहिरीकडे गेल्या नाहीत. माझा हात न सोडता तिथंच उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता त्या हात काढून घेतील, आणि त्यांनाही बहुधा माझ्याबद्दल तसंच वाटत असावं. सोडायचा कधी, ते मला कळेना.