पाव गोळी

फौजेत मी नर्सिंग असिस्टंट होतो. जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, एवढंच आयुष्यभर केलं. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि उस्मानपुऱ्यात घर केलं. जखमांची सवयच, म्हणून आमच्या मनी मांजरीला कुत्र्यानं फाडलं, तेव्हा मी घाबरलो नाही.

मांडीवर चार बोटं उघडी जखम होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आत पू आहे, टाके नाही घालत. सलाइननं धुवा. चाटू देऊ नका. आणि माणसाचं औषध अजिबात नाही."

"येस मॅडम," म्हणालो. मनात म्हटलं, ही कालची पोर मला शिकवते!

रोज ०६०० ला ड्रेसिंग. बायको सुनंदा मनीला टॉवेलात धरायची, मी धुवायचो. पाचव्या दिवशी जखमेत लाल मांस भरताना दिसलं. सुनंदानं चहात आलं घातलं.

सहाव्या दिवशी दुपारी मनी कण्हायला लागली.

"अवो, लई दुखतंय तिला. बाईंना फोन लावा."

"गप. मला कळतं."

पलटणीच्या दवाखान्यात डोकं दुखो नाहीतर पाय मुरगळो, हातावर पॅरासिटामॉल पडायची. हजारो जवानांना मी ती दिली. १४०० ला पाव गोळी दुधात विरघळवून मनीला पाजली.

१७०० ला तिचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी पडल्या, धाप लागली. रिक्षानं दवाखाना गाठला.

"काय दिलंत?"

सांगितलं.

"मांजराला ते विष असतं, हवालदारसाहेब."

इंजेक्शन झालं, ऑक्सिजन झाला. १९१० ला मनी गेली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते माझ्यासाठीच.

फौजेत असताना माझ्या पलटणीत नाईक किसन होता, लासूर स्टेशन गावचा. बर्फातल्या पोस्टवर त्याच्या पोटाची जखम दोन्ही हातांनी दाबून मी बसलो होतो. रेडिओ ऑपरेटर हेलिकॉप्टर मागत होता. पलीकडून उत्तर आलं,

"निगेटिव्ह. हवा खराब. ओव्हर."

किसन माझ्या मांडीवर गेला. सुट्टीत लासूरला जाऊन त्याच्या आईपुढं उभा राहिलो. म्हणालो, "माय, मी कसर ठेवली नाही." तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

आजही ०६०० ला जाग येते. सुनंदा ओट्यापाशी असते. तिच्यापुढं जाऊन तेच वाक्य म्हणायची माझी छाती होत नाही.